आईनं सोडलेली जागा

माझ्या आईच्या पहिल्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे ती गेल्यानंतरच्या वर्षाच्या विधीला, वीस-बावीस बायांनी हात जोडून, डोळे मिटून, एका सुरात प्लॉटची जाहिरात म्हटली. हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं ते आधी हसले आणि मग माझ्या तोंडाकडे बघून गप्प झाले. तुम्हालाही हसू येत असेल तर हसून घ्या. परक्या घरातली गोष्ट असती तर मीही हसलेच असते. पण ती माझी आई होती, आणि तो राग अजून पोटातून उतरत नाही म्हणून हे लिहायला बसले आहे.

माझं माहेर मांडवगण फराटा, सासर खुटबाव. मधे भीमा, अलीकडे दौंड तालुका, पलीकडे शिरूर. खुटबावात रस्त्याला लागून माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, पोरांच्या ॲडमिशन, म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले. गावात कुणाचा फोन हँग झाला तरी तो माझ्याच टेबलावर येऊन पडतो. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं जे झालं ते अडाणीपणातून झालं असं कुणी म्हणायला नको. ते माझ्या हुशारीतून झालं.

आई आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना घ्यायची. शाळेत ती जेमतेम दोन वर्षं गेलेली, पण सगळ्या गाथा तोंडपाठ. आमच्याकडं वंदना अशी चालते की पुढं बसलेला एक ओळ म्हणतो आणि थांबतो. मागचे तीच ओळ म्हणतात. मग तो पुढची घेतो. शब्द पालीतले, त्यामुळे कान नीट लावून जसं ऐकू येईल तसं म्हणायचं असतं. त्या थांबण्याला आई 'जागा सोडणं' म्हणायची. एखादी नवी सून हौसेनं पुढं बसली आणि धडाधडा म्हणत सुटली की आई मागून ओरडायची, "आगं, जागा सोड की! बायांनी म्हणायचं कवा?"

आईच्या उजव्या हाताला कायम तिची बहीण, माझी मावशी. दोघी बहिणी एकाच गावात, एकाच आळीत दिलेल्या. मावशीला आता डोळ्यांनी धूसर दिसतं आणि कानांनी कमी ऐकू येतं, पण आईच्या खांद्याला खांदा लावून बसली की तिची एक ओळ चुकायची नाही. मागच्या बाया मावशीचा आवाज धरून म्हणायच्या. म्हणजे आई म्हणणार, मावशी उचलणार आणि तिच्या मागून सगळी वस्ती.

जाहिरातींशी आईचं भांडण नव्हतं, हेही खरं सांगायला हवं. टीव्हीवर तिची संध्याकाळची मालिका असायची. जाहिराती सुरू झाल्या की "ॲडवटाइज लागली" म्हणत ती टुणकन उठायची. एका ॲडवटाइजीत दोन भाकऱ्या व्हायच्या. कालवणाला उकळी आली का बघायची, शेळीपुढं पाला टाकायची, आणि बरोबर मालिका सुरू व्हायच्या क्षणाला परत येऊन बसायची. मी चिडायचे, "किती त्या जाहिराती!" तर म्हणायची, "त्येंनी आपल्यासाठी जागा सोडलीया. कामं कवा करायची मग?" तिला वाटायचं की टीव्हीवाल्यांना बायकांच्या चुलीची काळजी आहे.

तेव्हाची जाहिरात दारावर येणाऱ्या बांगडीवाल्यासारखी होती. त्यानं हाळी द्यावी, आपण आत निघून जावं. आताची जाहिरात सरळ घरात शिरते आणि अंथरुणावर येऊन बसते. हे मी उगाच म्हणत नाही. आई आजारी पडली, पडूनच राहिली, पाठीला जखमा व्हायला लागल्या, तेव्हा मी फोनवर पाण्याची गादी शोधली. एकदाच. ती गादी आली आणि आई तिच्यावर महिनाभरही झोपली नाही. पण ती गेल्यावर चार महिने, कुठलंही ॲप उघडा, तीच गादी. भाचीच्या लग्नाचे फोटो बघतेय, मधे गादी. रेसिपी बघतेय, मधे गादी, आणि तिच्यावर एक हसरी म्हातारी. 'अजून विचार करताय? आईला आराम द्या.' मी त्या म्हातारीला फोनमध्ये बघून शिव्या दिल्या आहेत, दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना. पैसे भरून घेतलेल्या सिनेमाच्या ॲपवरही आता जाहिराती येतात. भरलेले पैसे कशाचे, हे विचारायला समोर कुणी माणूस नाही.

असो. मूळ गोष्टीकडं येते.

अंथरुणाला खिळायच्या थोडं आधी, एका दुपारी आई मला म्हणाली, "माझी वंदना तुज्या फोनात घी. मी नसले तर माझी बहीण कुनाच्या मागं म्हणंल?" मग मी तिला भिंतीला टेकून बसवलं, पांढरं पातळ नेसवलं, फोन डब्यांच्या उतरंडीला टेकवला. तिनं सुरुवात केली. एक ओळ म्हटली आणि थांबली. खोलीत आम्ही दोघीच, मागून म्हणणारं कुणी नाही. बाहेर कोंबड्यांचा आवाज. आई गप्प. म्हाताऱ्या बायांना ओळ म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ मोजून ती गप्प राहिली आणि मग पुढची ओळ.

मी मधेच थांबवलं. म्हटलं, "आई, एवढं गप्प नको राहू. लोकांना वाटेल व्हिडिओ अडकला. मी ते नंतर कापून टाकते."

ती माझ्यावर अशी खेकसली की मी दचकले. "कापू नगंस! ती जागा हाय. ती त्यांची हाय. तिला हात लावायचा न्हाई."

मी हात लावला नाही. वीस-बावीस मिनिटांचा तो व्हिडिओ फोनवरून कुणाला जाईना, फार मोठा झाला होता. मग मी हुशारी केली. सगळं जग जिथं व्हिडिओ टाकतं त्या साइटवर टाकला आणि आळीतल्या बायांना लिंक पाठवली. मावशीचा मुलगा सणसवाडीला कंपनीत आहे, त्यानं आपला जुना फोन मावशीला दिला आणि पडद्याच्या मधोमध आईचा तेवढा एकच फोटो ठेवला. त्याच्यावर बोट ठेवलं की आई बोलायला लागते. आई गेल्यानंतर मावशी रोज दिवेलागणीला फोन कानाशी धरून बहिणीच्या मागून वंदना म्हणायची. हे मला माहीत होतं, आणि ऐकून बरं वाटायचं. मी स्वतः मात्र वर्षभर तो व्हिडिओ उघडला नाही. तिचा आवाज ऐकायची हिंमत नव्हती.

व्हिडिओ टाकताना 'मला अटी मान्य आहेत' अशी एक चौकट आली होती. ती मी टिचकी मारून भरली. दिवसाला पन्नास लोकांच्या वतीनं मी ती चौकट भरते. आजवर एकाही माणसानं विचारलं नाही की ताई, काय मान्य केलं आपण? मीही विचारलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरापुढं मांडव होता. विधी करणारे बौद्धाचार्य अकराला येणार होते. मी भावाला म्हटलं, "दादा, पहिली वंदना आईच्याच आवाजात होऊ दे. तिनं त्याच्यासाठीच म्हणून ठेवलीय." दादाचे डोळे भरून आले. त्यानं मोठा स्पीकर आणून माझ्या फोनला जोडला. बाया पांढरी पातळं नेसून बसल्या. मावशी पुढं, आणि तिच्या डाव्या हाताला आईची जागा तशीच रिकामी ठेवलेली. मी फोन लावला.

आईचा आवाज मांडवभर झाला तेव्हा मागं कुणीतरी हुंदका दिला. एक ओळ झाली, आई थांबली, मावशीनं उचलली, सगळ्यांनी म्हटली. दुसरी झाली. तिसरी झाली. मला वाटलं, आई आलीय. खरंच वाटलं. मग 'दुतियम्पि'नं सुरू होणारी ओळ आली. तिन्ही ओळी दुसऱ्यांदा म्हणायच्या असतात, त्यातली ती पहिली. आई ती म्हणून थांबली, बायांनी म्हटली. तिनं सोडलेली जागा अजून थोडी उरली होती. तेवढ्यात एका बाईचा मऊ, धीरगंभीर आवाज आला.

"सुखाचा मार्ग एकच."

मावशीनं एका क्षणाचाही वेळ न लावता खणखणीत आवाजात म्हटलं, "सुखाचा मार्ग एकच." आणि तिच्या मागून सगळ्या बायांनी, हात जोडलेले, डोळे मिटलेले, "सुखाचा मार्ग एकच."

"हायवे टच एनए प्लॉट," तो मऊ आवाज म्हणाला.

मावशीनं तेही उचललं. तिच्या पद्धतीनं, लांबवून, गाथेच्या चालीवर. तिच्या मागून निम्म्या बायांनी म्हटलं, 'हायवे'पर्यंत जोरात आणि 'एनए'ला येईपर्यंत चाचरत. एकीनं डोळे उघडून शेजारणीकडं पाहिलं. मांडवाच्या टोकाला उभ्या असलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. कंपन्यांपासून दहा मिनिटांवर, आजच फोन करा, असं होऊन ती जाहिरात संपली आणि लगेच दुसरी लागली. तिच्यात ढोल आणि एक किंचाळणारा माणूस.

मी धावले. पडदाभर जाहिरातच पसरलेली. बोट लागेना. नीट पाहिलं तर कोपऱ्यात आकडे, पाच, चार, तीन, मग स्किप करता येणार. कुणाच्या बापाची ही साइट, की माझ्या आईच्या पुण्यानुमोदनात मी हिच्या परवानगीसाठी पाच सेकंद थांबायचं? मी थांबले नाही. स्पीकरची पिनच भिंतीतून उपटली.

ढोल गेला आणि आईही गेली. साइटवाल्यांनी मला माझ्या हातानं माझ्या आईला बंद करायला लावलं. याची माफी मी कुणाला देणार नाही.

तेवढ्यात बौद्धाचार्य आले, त्यांनी रीतीप्रमाणे सगळं पुन्हा घेतलं आणि व्यवस्थित पार पाडलं. जेवणं झाली. पानावर बसल्या बसल्या बाया माझी समजूत काढत होत्या. एक म्हणाली, "आमाला वाटलं मावशीच म्हणती, म्हंजी आसंल येखादी नवी गाथा." तिला तरी काय बोलणार? ऐकावं तसं म्हणावं, हीच तर रीत. माझ्या आईनंच त्यांना लावलेली. मावशीला कमी ऐकू येतं, तिला वाटलं लाइट गेली. तिला खरं सांगायचं धाडस कुणालाच झालं नाही.

खुटबावला परत आले ती थेट दुकानात जाऊन कॉम्प्युटर लावला. जाहिराती मी कधी सुरू केल्याच नव्हत्या. त्या अटींत कुठंतरी लिहिलेलं निघालं की तुम्ही लावा न लावा, आम्ही लावू शकतो. जागा कोण ठरवतं? मशीन ठरवतं. जिथं बोलणं थांबतं, आवाज शांत होतो, तिथं जाहिरात बसवतात, म्हणजे बघणाऱ्याचा रसभंग होत नाही. मी ते वाचून डोक्याला हात लावला. आईनं त्या सुन्या खोलीत, दम लागत असताना, ओळीमागून ओळ मोजून मोजून जागा सोडली होती, आणि या लोकांना ती रिकामी दिसली. मोकळी जागा दिसली की प्लॉट पाडायचे, एवढंच यांना माहीत.

आमच्याकडं शेजाऱ्यानं वीतभर बांध कोरला तर तीन पिढ्या बोलत नाहीत. मोजणी होते, तलाठी येतो, खुणेचे दगड रोवले जातात. इथं माझ्या आईच्या दोन ओळींमधला बांध कोरला गेला आणि दाद मागायला तलाठीसुद्धा नाही. मी तक्रारीचा फॉर्म शोधून काढला, फॉर्म भरणं हाच माझा धंदा. त्यात विचारलं होतं, 'जाहिरात का आवडली नाही?' खाली तीन पर्याय. वारंवार दिसते. अयोग्य आहे. माझ्या उपयोगाची नाही. आईच्या मधे बोलली, हा पर्याय नव्हता. मी 'अयोग्य' निवडलं. लगेच उत्तर आलं, 'धन्यवाद. तुमच्या प्रतिसादामुळे आम्ही तुम्हाला अधिक चांगल्या जाहिराती दाखवू शकू.' आणि त्याच्याच खाली आणखी एक आमंत्रण, की महिन्याला इतके भरा आणि विनाव्यत्यय आनंद घ्या. म्हणजे पैसे दिले तर तुमच्या आईच्या मधे कुणी बोलणार नाही. आमच्याकडं याला दुसरा शब्द आहे.

मी तो व्हिडिओ तिथून माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. उतरवलेला स्वच्छ होता. आई, कोंबड्या आणि जागा, बाकी काही नाही. साइटवरचा काढून टाकला. 'कायमचं काढायचं? नक्की?' असं साइटनं दोनदा विचारलं. टाकताना एवढ्या काळजीनं विचारलं नव्हतं. आळीतल्या बायांना मी एकेकीच्या फोनमध्ये भरून देणार होते, पण सगळ्यांत आधी मावशी.

रविवारी दुकान बंद ठेवून मांडवगणला गेले. मावशी ओसरीत शेंगा फोडत बसली होती. मी तिचा फोन घेतला, व्हिडिओ भरला, आईचा तोच फोटो परत मधोमध ठेवला. मला फार समाधान वाटत होतं, खोटं कशाला बोलू. अतिक्रमण हटवून सातबारा कोरा करून आणल्यासारखं वाटत होतं. म्हटलं, "मावशे, आता म्हणून बघ. आता कुणी मधे येणार नाही."

तिनं हात धुतले, पदर सारखा केला आणि बोटानं चाचपून फोटोवर दाबलं. फोन कानाशी धरला. आईनं ओळ म्हटली, जागा सोडली, मावशीनं म्हटली. मी शेजारी बसून पहिल्यांदा सगळं नीट ऐकत होते. 'दुतियम्पि' आलं. मावशीनं ती ओळ म्हटली आणि कान आणखी जवळ नेऊन वाट बघत राहिली. आईनं पुढची ओळ घेतली, थांबली. मावशी काही बोलली नाही. ती जागा तशीच गेली. आईनं त्याच्या पुढची घेतली. मावशीनं फोन कानापासून काढला, हलवून पाहिला.

"मधलं कुठं गेलं?" ती म्हणाली.

"कुठलं मधलं?"

"ती बोलायची ते. सुखाचा मार्ग एकच म्हणायची. आजारपणात आवाज बसला हुता न्हवं तिचा, तसल्या आवाजात. त्येच्या म्होरलं मला उमगायचं न्हाई, पालीतलं आसंल. पर येवढं कळायचं."

किती दिवस तीच एक जाहिरात मावशीच्या फोनवर लागत होती कोण जाणे. रोज दिवेलागणीला, एकाच ठिकाणी. मी तोंड उघडलं. मावशे, ती आई नव्हती, ती प्लॉट विकणारी बाई होती, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं आणि ते मला काही केल्या बोलता आलं नाही. फोनमधून आई पुढच्या ओळी म्हणत होती आणि एकेक जागा सोडत चालली होती. मागं कुणीच म्हणत नव्हतं.

"बाकीचं समदं मागून म्हणायचं हुतं गं," मावशी म्हणाली. "तेवढंच ती मराठीत बोलायची. माझ्यासंगं. ते का काढलंस?"